एमबीएनंतर कॉलेज काय देतं? डिचोलीहून एका माजी विद्यार्थिनीचं परीक्षण

पदवीदान समारंभ झाला, काळा डगला परत केला, की कॉलेजचा आणि आपला हिशेब संपला असं बहुतेक जण धरून चालतात. मी २००९ ते २०११ या काळात पुण्यात एमबीए केलं, काही वर्षं तिथेच एका बँकेत काढली आणि आता डिचोली तालुक्यात घरचा काजूचा कारखाना बघते. कॉलेजच्या माजी विद्यार्थी कक्षाशी माझा संबंध या सगळ्या वर्षांत टिकून राहिला आहे. हा कक्ष आम्हाला काय काय सेवा देतो, त्यातलं काय खरंच उपयोगी आहे आणि काय नुसतं माहितीपत्रकात छान दिसतं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कॉलेजचं नाव देत नाही. पुण्यात अशी कॉलेजं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या माजी विद्यार्थी कक्षांचा कारभार उन्नीस-बीस सारखाच चालतो.

गोव्यातली मुलगी पुण्याला कशाला गेली, असं इथे कोणीतरी विचारेलच. आमच्याकडे १९९३ साली फादर रोम्युआल्ड डिसोझा यांनी रायबंदरला सुरू केलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. आता तर तिचा परिसर साखळीजवळ पर्येला, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण माझी आत्या कोथरूडला राहायची, तिच्याकडे राहायची सोय होती आणि बाबांना तेवढा एक मुद्दा पुरेसा होता. आमच्यासारखी डिचोली, पेडणे, फोंड्याकडची मराठी शाळेत शिकलेली बरीच मुलं तेव्हा अशीच पुण्याला जायची.

ज्या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देते ती आधी सांगते. एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात साधारण आठ आठवडे कुठल्यातरी उद्योगात काम करून प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. माजी विद्यार्थ्यांच्या धंद्यांत ही मुलं पाठवायची सोय आमच्या कक्षाने केली आहे. आपण एक पानभर लिहून द्यायचं की अडचण काय आहे, मुलांना काय बघता येईल, राहण्या-जेवणाचं काय. प्राध्यापक ते वाचतात, फोनवर चार प्रश्न विचारतात आणि दोन मुलं पाठवतात. मोठ्या कंपनीत जागा मिळाली तर मुलाच्या बायोडेटाला वजन येतं, हे खरं. पण तिथे पुष्कळदा त्याला एक एक्सेल शीट भरायला बसवतात आणि आठ आठवड्यांनी प्रमाणपत्र हातात देतात. लहान कारखान्यात सगळा धंदा एका छपराखाली डोळ्यांसमोर असतो.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काजूबी उन्हात वाळवून गोण्यांत भरायची, बॉयलरवर वाफवायची, गार झाली की कटिंग मशीनवर एक एक फोडायची. आतला गर बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या सुकवणी कपाटात, सुकवायचा, वरची तांबूस साल सोलायची, प्रतवारी करायची आणि डबे भरायचे. डब्ल्यू १८० म्हणजे एका पौंडात १८० च्या आसपास बसतात इतका मोठा गर, मग डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असा तो लहान होत जातो. पण आकारापेक्षा जास्त पैसा अख्खेपणात आहे. अख्खा गर दुभंगून पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा झाला की आणखी उतरतो. साधारण चार किलो काजूबीतून किलोभर गर निघतो, त्यातला किती अख्खा राहतो यावरच आमचं वर्ष ठरतं.

पावसाळ्यात आमच्याकडे तुकडा वाढायचा. आईचं मत, शेवटी शेवटी घेतलेली बी निकृष्ट असते. मुकादमाचं मत, नव्या बायकांचा कटिंगवर हात बसलेला नसतो. पहिल्यांदा कॉलेजमधून आले ते सोलापूरचा एक मुलगा आणि लातूरची एक मुलगी. दोघांनीही तोवर काजूचं झाड जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आल्या आल्या मतं विचारली नाहीत, वजनकाटा मागितला. कटिंग झाल्यावर एकदा, बोर्म्यातून काढल्यावर एकदा आणि सोलल्यावर एकदा, अशा तीन ठिकाणी प्रत्येक ट्रेमधला अख्खा आणि तुटका माल वेगळा करून तोलायचा, ट्रेला नंबर द्यायचा आणि वहीत वेळेसकट मांडायचं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत सुरुवात केली होती, जूनमध्ये पाऊस लागला तरी वही चालूच. मुलगी सोलणाऱ्या बायकांच्या शेजारी पाटावर बसून राहायची. आमच्याकडे सोलण्यात सगळ्यात जुनी जी बाई आहे, ती एके दिवशी सहज तिला म्हणाली, "बाये, कालचा ट्रे मला देऊ नको. साल सुटत नाही, सुरीनं खरवडावं लागतं." मुलीने ते वाक्य वहीत तसंच लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आजचे ट्रे आणि कालचे ट्रे अशी वेगळी पानं केली.

उत्तर तिथेच होतं. कटिंगमधली तूट मे आणि जूनमध्ये जवळपास सारखीच निघाली, फरक सगळा सोलण्यात होता. संध्याकाळी बोर्म्यातून निघालेला माल रात्रभर उघडा राहायचा. पावसाळी हवेतला ओलावा तो शोषून घ्यायचा, सुटी झालेली साल पुन्हा गराला धरायची आणि सकाळी सुरी लावली की गर दुभंगायचा. आम्ही बोर्म्याची वेळ बदलली. आता तो पहाटे रिकामा होतो, माल त्याच दिवशी सोलला जातो आणि उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात जातो. यंत्र घ्यावं लागलं नाही, माणूस वाढवावा लागला नाही. तो अहवाल आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे. कारखाना बघायला कोणी आलं की आई तो काढून दाखवते.

पुढे आणखी मुलं आली. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि काजूगराला २०२३ मध्ये. आफ्रिकेतून आलेल्या काजूबीचा गर गोव्याचा म्हणून पर्यटकांच्या हाती पडतो, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार आहे. मानांकनाने तिला निदान कायद्याचा आधार आला. मग त्या वर्षीच्या मुलांना मी विषय दिला: दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आमच्या पाकिटावरून हा फरक कळतो का? ती मुलं पणजी, म्हापसा आणि कळंगुटच्या दुकानांबाहेर उभी राहून लोकांशी बोलली. पाकिटावरचं मानांकनाचं छोटं चिन्ह कोणी बघत नाही, पण बी कुठल्या गावची आणि कुठल्या सीझनची एवढं मोठ्या अक्षरात असेल तर माणूस पाकीट हातात घेतो आणि प्रश्न विचारतो, असं त्यांना दिसलं. आता आमच्या पाकिटावर गाव आणि वर्ष पुढच्या बाजूला छापलेलं असतं. एखाद्या सल्लागार कंपनीकडून हे काम करून घ्यायला आमच्यासारख्या कारखान्याला परवडलं नसतं.

दुसरी गोष्ट कक्षाच्या कुठल्याच यादीत नाही, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते: शिकवणारे सर. आम्हाला उत्पादन व्यवस्थापन शिकवणारे सर आता निवृत्त आहेत, पण फोन उचलतात.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. पुढे चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ पासून परत बंद पडल्या. बाबांचे खनिजाचे ट्रक होते. डिचोली, साखळी, सत्तरीत ज्यांच्या दारात ट्रक उभे राहिले त्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. पहिल्या बंदीत बाबा थांबले होते, दुसऱ्या वेळीही थांबायचं म्हणत होते. खाण आज ना उद्या सुरू होणार, असं गावात सगळेच म्हणत. मी कारखान्याचा आणि ट्रकचा एकत्र हिशेब मांडून सरांना पाठवला. त्यांचा संध्याकाळी फोन आला. म्हणाले, "अगं, शीट चांगली आहे, पण ट्रक उभ्याउभ्या महिन्याला किती खातो ते कुठे लिहिलंयस?" मग आम्ही दोघांनी फोनवरच ते मांडलं: कर्जाचं व्याज, विमा, रस्ताकर, उन्हात सुकणारे टायर, राखणदाराचा पगार आणि दर पावसाळ्यात उतरणारी किंमत. तो आकडा मी बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. त्यांनी दोन दिवस तो कागद खिशात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. त्या पैशातून बॉयलर आला.

वर्गात शिकवलेलं सगळं पुस्तकात मिळतं. पण आपल्या घरची परिस्थिती, आपला स्वभाव आणि आपला विषय तिन्ही ज्याला ठाऊक आहे असा माणूस पैसे देऊन मिळत नाही. संस्थांनी निवृत्त शिक्षकांचे पत्ते आणि फोन, अर्थात त्यांच्या परवानगीने, माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायची रीतसर व्यवस्था करायला हवी. आमच्याकडे ते अजून ज्याच्या त्याच्या ओळखीवर चालतं.

ग्रंथालयाला साडेतीन गुण. माजी विद्यार्थ्याचं कार्ड करून दिलं जातं, वाचनकक्षात बसता येतं, पुस्तकं अनामत ठेवून घरी नेता येतात. बाजाराची आकडेवारी देणारे महागडे डेटाबेस मात्र ग्रंथालयातल्याच संगणकावर बसून बघायचे, घरून लॉगिन मिळत नाही. यात कॉलेजची आडमुठी भूमिका नाही. प्रकाशक परवाना देतात तो नोंदणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी. बाहेरच्याला फार तर जागेवर येऊन वापरायची मुभा असते. पुण्यात राहणाऱ्याला हे चालतं, डिचोलीहून चोर्ला घाट चढून जाणाऱ्याला नाही. मी पुण्यातली कामं साठवून ठेवते आणि एखादा अख्खा दिवस ग्रंथालयाला देते. तिथल्या ग्रंथपाल मॅडमना आधी मेल करून काय हवं ते कळवलं, तर त्या अंक काढून ठेवतात, त्यासाठी अर्धा गुण जास्त दिला आहे. एरवीच्या वाचनाला आपलं पणजीतलं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोडते. पाटोवरच्या नव्या इमारतीत बसायची सोय इतकी छान आहे की तिथे काम करायला मी मुद्दाम जाते.

माजी विद्यार्थ्यांचं पोर्टल मात्र दोनच्या पुढे जात नाही. ते एका बाहेरच्या कंपनीने बनवून दिलेलं आहे. माझ्या नावापुढे अजून बँकेचा हुद्दा आहे, दुरुस्तीचा अर्ज मी भरला आहे आणि 'विचाराधीन' अशी पाटी तिथे कायम आहे. नोकऱ्यांच्या पानावर सगळ्या जागा नव्याने पास झालेल्यांसाठी. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला, किंवा मुलांसाठी नोकरी सोडून परत उभ्या राहणाऱ्या बाईला, तिथे काही नाही. आमच्या बॅचमध्ये अशा मैत्रिणी आहेत. त्यांच्यासाठी एखादा छोटा उजळणी वर्ग, त्यानंतर दोन-तीन कंपन्यांशी गाठ, एवढं जरी केलं तरी कॉलेजची खूप मोठी सेवा होईल. मी हे कक्षाला लेखी कळवलं आहे आणि कळवत राहणार आहे.

स्नेहमेळावा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना सुट्टी असते म्हणून. गोव्यात तोच आठवडा सगळ्यात धावपळीचा. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, काजूवाले, कोणाला उसंत नसते, त्यामुळे गोव्याची मंडळी मेळाव्याला जवळपास नसतातच. त्यावर तोडगा म्हणून आम्ही गोवा शाखा सुरू केली. चवथ आटोपल्यावर आणि शिगम्याच्या आधी, अशी आमची पणजीत बैठक होते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातले, वास्कोच्या जहाज वाहतुकीतले, कळंगुटच्या हॉटेलातले, पर्वरीला बँकेत असलेले, असे वेगवेगळ्या बॅचचे लोक येतात. भाषणं नसतात. प्रत्येकाने आपलं एक अडलेलं काम सांगायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. डबे सील करणारं यंत्र कुठून घ्यावं, हे मला तिथे कळलं. कुडचड्याच्या एका मुलाला वडिलांच्या हार्डवेअर दुकानासाठी उधारीची मर्यादा कशी ठरवावी, हे एका बँकवाल्या दादाने कागदावर काढून दिलं. कॉलेज या शाखेला पैसे देत नाही, फक्त नव्या पास झालेल्या गोवेकर मुलांची यादी दरवर्षी पाठवतं. तेवढं वेळेवर पाठवतात, आणि आम्हाला तेवढंच हवं असतं.

देणगीबद्दल स्पष्टच लिहिते. शिकलेल्या संस्थेला देणं ही मला मनापासून पटणारी गोष्ट आहे. रतन टाटा १९७५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एक अभ्यासक्रम करून आले आणि २०१० मध्ये टाटांकडून त्या शाळेला ५ कोटी डॉलर गेले, त्यातून टाटा हॉल उभा राहिला. अहमदाबादच्या आयआयएमच्या १० माजी विद्यार्थ्यांनी २०२० मध्ये १०० कोटी रुपयांच्या वायद्याने कायम निधी सुरू केला. आपली ऐपत हजारांत असते, म्हणून उलट जास्तच नीट विचारावं. आमच्याकडे येणाऱ्या आवाहनात 'संस्थेच्या विकासासाठी' एवढंच असतं. ते पुरेसं नाही. मी कक्षाला विचारलं की हे पैसे एखाद्या विद्यार्थ्याच्या वसतिगृहाच्या खर्चाला देता येतील का. उत्तर यायला वेळ लागला, पण हो आलं, आणि आता तसा वेगळा निधी आहे. देणाऱ्याने पावतीसोबत आयकरासाठीचं देणगी प्रमाणपत्र मागून घ्यावं, ते नसेल तर देणगीवरची करसवलत अडते. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर सवलत मुळातच नाही.

एक निरीक्षण आहे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असली की कॉलेजचे फोन वाढतात, फॉर्म येतात, छायाचित्रं मागतात. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात, त्यामुळे हे होणारच. पुष्कळ जण त्यावर चिडतात. मला वाटतं, तीच वेळ मागण्या मांडायला सर्वात चांगली. वसतिगृहाचा निधी त्याच सुमाराला मंजूर झाला.

मार्गदर्शक योजनेत दरवर्षी एक विद्यार्थी आपल्याला जोडून देतात. महिन्यातून एकदा अर्धा तास फोन, एवढीच अपेक्षा. जोड्या लावताना गाव, घरची पार्श्वभूमी बघत नाहीत, म्हणून गुण चारच. पण ज्या वर्षी जोडी जमते, त्या वर्षी फार समाधान मिळतं. गेल्या खेपेला माझ्याकडे काणकोणची एक मुलगी होती, घरी नारळाची बागायत. नोकरी घ्यावी की घरी परतावं, या प्रश्नावर ती अडकली होती. मी तिला सल्ला दिला नाही, गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानात जाऊन नारळाचा रोजचा दर वर्षभर लिहून ठेवायला सांगितलं. ती आता मला तो तक्ता दर महिन्याला पाठवते आणि त्यावर स्वतःच टिपणं लिहिते.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे आणि ज्यांना कॉलेजमधून प्रकल्पासाठी मुलं बोलवायची आहेत, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. विनंतीचं पान नाताळच्या आत पाठवा, जानेवारीत प्राध्यापकांचं वाटप सुरू होतं. अडचण एकच द्या आणि ती आकड्यांत मोजता येईल अशी द्या. मुलांना विद्यावेतन द्या, थोडं का असेना, आणि राहण्याची सोय पायी जाण्याइतक्या अंतरावर बघा, कारण आमच्या आतल्या गावांत संध्याकाळनंतर बस मिळत नाही. काम करणाऱ्या बायकांना आधी बोलवून सांगा की ही मुलं तुमच्या कामावर नजर ठेवायला आलेली नाहीत. काजूचा कारखाना असेल तर पहिल्याच सकाळी हातमोजे द्या. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि पुण्याहून आलेल्या मुलाला ते कोणी सांगितलेलं नसतं.